खापरपणजोबा काउबॉय होते म्हणे! (तुमच्याकडच्या ऐकीव गोष्टी लिहा)

मोगरा_टेक्सास
काल पाहुण्यांना फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्सला (जुना गुरांचा बाजार) नेलं होतं. तिथे रोज दोनदा लाँगहॉर्न गुरं भर रस्त्यातून चालवत नेतात. पाहुणे फोटो काढत होते आणि मला एकदम आजेसासूबाई आठवल्या. त्यांचे आजोबा (म्हणजे नवऱ्याचे खापरपणजोबा, हिशोब दोनदा केलाय) सतराव्या वर्षी घर सोडून चिझम ट्रेलवर गेले होते. 1867 पासून पुढची पंधरा-सतरा वर्षं टेक्सासची गुरं पार कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत पायी जायची. कळप दोन-तीन हजारांचा, माणसं दहा-बारा, दिवसाला दहा-पंधरा मैल, पगार महिना 30-40 डॉलर.

सासरी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते कळपाच्या पुढे, टोपी उडवत. आजी मात्र म्हणायच्या, नवखं पोर ते, त्याला कोण पुढे ठेवतंय? सगळ्यात मागे, गुरांची धूळ खायला! म्हातारपणीसुद्धा जेवायच्या आधी चूळ भरायचे आणि म्हणायचे, "अजून कॅन्सस निघतंय."

आणखी एक. रात्री स्वयंपाक्याची गाडी उभी करताना तिची दांडी ध्रुवताऱ्याकडे करून ठेवायची, म्हणजे सकाळी आभाळ भरून आलं तरी उत्तर कुठे ते कळावं. आमच्याकडे अजून झोपताना विचारतात, "दांडी वळवली का?" अर्थ एवढाच, की दार लावलं का, गॅस बंद केला का. मला लग्नानंतर वर्षभर कळलं नव्हतं.

खापरपणजोबांचा उजवा अंगठा अर्धाच होता. चुलत घराणं म्हणतं कॅन्ससच्या डॉज सिटीत गोळी लागली. आजी म्हणायच्या दोरात गेला. लिहा तुमचेही!

निवांत_पुणे
गोळीवालीच खरी माना हो. दोरात काय मजा 😀

चिंचपेटी
आम्ही अल्बुकर्कीला. शेजारचे आजोबा व्हाकेरो (मेक्सिकन घोडेस्वार गुराखी) घराण्यातले, मूळ मेक्सिकोचे. काउबॉय म्हटलं की चिडतात, "हे सगळं आमच्याकडून शिकले." खरंच आहे, रँच (गुरांचा मळा), लासो (गुरं पकडायचा फासाचा दोर), रोडिओ (काउबॉयच्या कसरतींचे खेळ) सगळे स्पॅनिश शब्द. अंगठ्याचं आत्ताच कुंपणावरून विचारून आले. ते म्हणाले टेक्सासवाले दोराचं टोक खोगिराला कायमचं बांधून ठेवत, आमचे लोक बैल अडकला की खोगिराच्या मुठीला वेढे देत. त्याला डॅली म्हणतात. वेढा देताना अंगठा वर नाही ठेवला की गेलाच. तुमचे आजोबा कुणा व्हाकेरोकडून शिकायला गेले असणार, आणि अर्धवट शिकले, असं हसत म्हणाले. कुकरची शिट्टी झाली, पळते.

मोगरा_टेक्सास
@चिंचपेटी अगं हे किती वर्षं कुणी सांगितलं नव्हतं!! सासूबाईंना पाठवते.

धुरकरी
गाडीच्या दांडीवरून आठवलं. आमच्या वऱ्हाडात गाडी हाकणारा तो धुरकरी, माझं नाव त्यावरूनच. पण धुरा म्हणजे शेताचा बांध.

सांगलीचा_बंड्या
आँ? आमच्याकडं बांध म्हणजे बांधच. धुरा फक्त पेपरात, "पक्षाची धुरा सांभाळली".

धुरकरी
तुमचा पेपर चुकला भाऊ.

रातराणी७
ह्यूस्टनच्या ऑफिसात एक कृष्णवर्णीय सहकारी आहे, त्याचे पणजोबा काउबॉय. त्या काळी चारातला एक तरी काउबॉय काळा असायचा म्हणतात, गुलामगिरी संपल्यावर हेच काम मिळत होतं. सिनेमात शोधून दाखवा. बिल पिकेट नावाचा एक तर बैलाचा ओठ दातात धरून त्याला लोळवायचा, त्यावरून रोडिओतला अख्खा प्रकार सुरू झाला. सहकाऱ्याच्या घरी मात्र पणजोबांची एकच गोष्ट शिल्लक आहे. रात्रपाळीला कळपाभोवती घोडा फिरवत गायचे, गुरं बिथरून उधळू नयेत म्हणून, आणि आवाज इतका वाईट होता की बाकीच्यांची झोप उडायची.

निवांत_पुणे
तो प्रसिद्ध बंदूकबाज बिली द किड कुणाच्या घरी जेवला नाही का अजून?

लिंबूटिंबू
जेवला की! नवऱ्याच्या बॉसच्या पणजीकडे. शिवाय आमच्या घरमालकाकडेही. 1881 ला गेला तो, जेमतेम एकवीस वर्षांचा. जेवढ्या घरांत जेवलाय ते बघता पोट बिघडूनच गेला असणार.

चिंचपेटी
😂😂 आणि मोगरा, त्या गुरांच्या गावांत बंदुका वेशीवरच ठेवायला लावायचे, गावात बंदी. तेव्हा डॉज सिटीची गोळी मला तरी पटत नाही.

शेवंता_डोंबिवली
राजमा कॅनमधला घेता की भिजवता? काउबॉय बीन्स करायचेत, मुलाला शाळेत "पश्चिम अमेरिका" आहे.

लिंबूटिंबू
भिजव गं, रात्रभर. पिंटो बीन्स मिळाले तर ते.

सांगलीचा_बंड्या
आता आमचं ऐका. टेक्सासात ब्रह्मन म्हणून वशिंडवाली गुरं दिसतात ना? आपलीच. गीर, गुजरातची, नेल्लोरची आणि आमची कृष्णाकाठची. 1906 ला तिकडच्या एका रँचनं हिंदुस्थानातून बैल नेले. ऊन सोसतात, गोचिडाला दाद देत नाहीत म्हणून. आमचे पणजोबा संस्थानाच्या गोठ्यात होते. घरात म्हणतात त्यांच्या हातचा बैल अमेरिकेला गेला. कागद काही नाही, पण लग्नकार्यात हमखास निघतं.

मोगरा_टेक्सास
बंड्यादादा, म्हणजे आपण नातेवाईक! आमच्या खापरपणजोबांचा शेवट ऐका. 1874 च्या पेटंटनंतर काटेरी तार सगळीकडे आली, कॅन्ससने टेक्सासची गुरं गोचिडतापामुळे अडवली, ट्रेल बंद. मग हे तारेची कुंपणं ठोकायला लागले, रोजंदारीवर! ज्या तारेने काम गेलं तीच. हे मात्र चुलत घराणं कधी सांगत नाही.

पाटीपेन्सिल
एक विचारू? काउबॉय म्हणजे गुराखीच ना? आमच्याकडे "अभ्यास नाही केलास तर गुरं वळशील" ही धमकी होती.

निवांत_पुणे
आमच्याकडेही! टोपी नव्हती ना आपल्या गुराख्याला.

शेवंता_डोंबिवली
भिजवलेत. मीठ कधी?

पाटीपेन्सिल
आत्ता बाबांना फोन केला. आजोबा शाळेत जायच्या आधी काय करायचे विचारलं. म्हणाले, "गावची गुरं वळायचे, बाराव्या वर्षापर्यंत." मग जरा थांबून, "का? कुणी काही बोललं का?" आता त्यांना हा धागा वाचून दाखवतोय. दांडीपर्यंत आलोय, "पुढे वाच" म्हणतायत.