अनुभव धागा: डिमेन्शियात विसरण्याआधी वागणंच बदलतं तेव्हा

डिमेन्शिया, म्हणजे मेंदू हळूहळू निकामी होत जाण्याचा आजार, म्हटलं की विसराळूपणाबद्दल सगळेच बोलतात, म्हणून हा धागा मुद्दाम वागण्याबद्दल काढतेय. आमचे काका नाशिकरोडला नोट प्रेसमध्ये होते, हिशोब, तारखा, पेन्शनचे कागद अजून सगळं पाठ. पण काकूचा भाऊ गेल्याचा फोन आला, ती ओक्साबोक्शी रडतेय आणि हे विचारतात चहा कधी टाकतेस. लग्नात शेजारच्याच्या पानातली जिलबी उचलली. नातेवाईक म्हणाले, रिटायर झाल्यावर माणूस तिरसट झालाय. शेवटी एमआरआय झाला आणि कळलं, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. यात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजत जातो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखून वागणं, लाज, स्वतःला आवरणं हे सगळं तिथूनच चालतं. गोडाची हावसुद्धा त्यातलीच. बऱ्याचदा ४५ ते ६५ च्या वयात सुरू होतो म्हणून कुणाच्या डोक्यातच येत नाही. काकू इतकी वर्षं समजत होती की ह्यांचं माझ्यावरचं प्रेमच आटलं, हे मला फार लागतं. तुमच्याकडे काय झालं, लिहा.

—

आमच्याकडे उलट. सासूबाईंना अल्झायमर (डिमेन्शियाचाच दुसरा प्रकार), मखमलाबादला असतो आम्ही. नातवाचं नाव आठवत नाही पण कुणाचा आवाज चढला की लगेच चेहरा पडतो, आणि भांडण विसरल्या तरी दुपारी जेवायला नको म्हणतात. आयोवा विद्यापीठाने २०१४ मध्ये अल्झायमरच्या पेशंटना हसवणाऱ्या आणि रडवणाऱ्या फिल्म दाखवल्या होत्या, फिल्म विसरली तरी मनातलं दुःख टिकून राहिलं. रोज बघतोय आम्ही ते. दिवेलागणीला स्वतःच्याच घरात बसून "मला घरी सोडा" सुरू होतं, तेव्हा समजावत बसत नाही, हात धरून अंगणात एक चक्कर मारतो, माहेरच्या द्राक्षबागेचं विचारतो, मग शांत होतात.

—

सिडकोतून. बाबांचं संशयापासून सुरू झालं, आईने पैसे चोरले, आईकडे कोणीतरी येतं वगैरे. पन्नास वर्षांच्या संसारानंतर हे ऐकणं काय असतं ते तिलाच माहीत. नंतर वाचलं की ज्यांच्यावरून अल्झायमर हे नाव पडलं त्या डॉ. अल्झायमरनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टला तपासलेल्या ऑगस्टे डेटर ह्या बाईंचंही नवऱ्यावरच्या संशयानेच सुरू झालं होतं. आईला ते वाचून दाखवलं तर खूप वेळ रडली, मग म्हणाली म्हणजे हा आजारच आहे ना. आता पाकीट "चोरीला गेलं" की वाद नाही, सोबत शोधायला लागायचं.

—

पहिल्या पोस्टवाल्या ताई, काकांना टोमणे, थट्टा कळणार नाही, सरळ आणि छोटं वाक्य बोला. आणि अल्झायमरची गोळी ह्या प्रकारात सहसा उपयोगी पडत नाही, चिडचिड वाढूही शकते, म्हणून दुसऱ्याचं प्रिस्क्रिप्शन बघून काही सुरू करू नका प्लीज. आम्ही दादाच्या वेळी पंचवटीतल्या किराणावाल्याला आणि सलूनवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. न विचारता बिस्किटं उचलली तर ते वहीत लिहून ठेवायचे, महिन्याला आम्ही चुकतं करायचो. लोकांना सांगायला लाजू नका, सांगितलं तर सांभाळून घेतात.