फर्मवेअरसाठी पेनड्राइव्ह: जुना छोटा की नवा मोठा?

सर्व्हिसबॅग, इंदूर:
हायकोर्टासमोरची झेरॉक्सची दुकानं, एम. जी. रोडवरची ऑफिसं, तिथली कॉपियर मशीनं मी बघतो. माझं मत ठाम आहे. फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, टाकायला चार-आठ जीबीचा साधा, जुना यूएसबी २.० पेनड्राइव्हच वेगळा ठेवावा आणि त्यात दुसरं काही भरू नये. हल्लीचे ६४ नि १२८ जीबीवाले बहुतेक एक्सफॅट या नव्या फॉर्मॅटमध्ये येतात आणि मशीन त्यांना ओळखच देत नाही. अपडेटच्या वेळी बऱ्याच मशीनची पूर्ण सिस्टिम उठलेली नसते. बूटलोडरला, म्हणजे मशीन उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, जेवढं वाचता येतं तेवढंच, आणि ते म्हणजे फॅट३२ हा जुना फॉर्मॅट. पासवर्डवाले ड्राइव्ह तर बॅगेत नकोतच. बहुतेक कॉम्प्युटरवर त्यांचं सॉफ्टवेअर चाललं तरच उघडतात, कॉपियरवर ते कोण चालवणार? सिल्व्हर मॉलमध्ये चार जीबीचा मागितला की दुकानदार हसतो, म्हणून असलेले जपतोय.

नर्मदेहर:
भाऊ, दोष फॉर्मॅटचा आणि शिक्षा साइजला! विंडोजच्या फॉर्मॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ दिसत नाही, एवढीच गोष्ट. ती फॅट३२ची मर्यादाच नव्हे. १९९४ साली मायक्रोसॉफ्टमध्ये ती खिडकी लिहिणाऱ्या डेव्ह प्लमरनेच पुढे सांगितलंय की ३२चा आकडा त्याने एका सकाळी आपल्या मनाने ठरवला. फॅट३२ला खरी अडचण एकाच फाइलची: चार जीबीपेक्षा मोठी चालत नाही. बाकी ड्राइव्ह मोठा असला तरी सुरुवातीला एक छोटं पार्टिशन, म्हणजे वेगळा कप्पा, करून घ्या, मशीनला तेवढंच दिसेल.
आणि जुनं ते सोनं हे पेनड्राइव्हच्या फ्लॅश मेमरीला लागू नाही. सेल झिजतात, पडून राहिला तर चार्ज गळतो. लॅपटॉपवर कॉपी झाली असं दिसतं आणि फाइल आतून बिघडलेली. मशीनने तपासून नाकारली तर नशीब. एवढ्या महागाच्या मशीनवर शंभर-दोनशे रुपये कसले वाचवताय?

सर्व्हिसबॅग:
पार्टिशन वगैरे लॅपटॉप समोर असताना. गिऱ्हाईक डोक्यावर उभं, खाली वकिलांची रांग, तेव्हा कोण करणार? शिवाय नवे जाडजूड ड्राइव्ह पॅनेलशेजारच्या खाचेत शिरतच नाहीत, कव्हर आडवं येतं. मग एक्स्टेन्शन लावा, आणि त्यातून बूटलोडर ड्राइव्ह ओळखेलच याचा काही भरवसा नाही.

कोरडा_टोनर:
तुम्ही दोघं पेनड्राइव्हवरच का अडलात? रिकोच्या कित्येक जुन्या मशीनना फर्मवेअर एसडी कार्डातून जातं. ज्यांना नेटवर्क आहे त्यांना तिथूनच द्यावं. एकाच पेनड्राइव्हने दिवसभर दहा ऑफिसांचे कॉम्प्युटर फिरायचे म्हणजे शॉर्टकट व्हायरसची घरपोच सेवा.

सर्व्हिसबॅग:
झेरॉक्सच्या दुकानात मशीनला लॅनची वायर असते कुठे? आणि माझा ड्राइव्ह गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरला लागतच नाही. ‘साहेब, ह्यातच टाका ना’ म्हणून ते आपला जीएसटीच्या फायलींनी भरलेला ड्राइव्ह पुढे करतात, तोही मी घेत नाही.

नर्मदेहर:
हे बरोबर, ड्राइव्ह वेगळाच हवा. पण मग निवडीपेक्षा तयारीवर बोला. कधी त्यावर विंडोज किंवा लिनक्स टाकायचा बूट ड्राइव्ह बनवला असेल तर साध्या फॉर्मॅटने मागचे लपलेले पार्टिशन जात नाहीत. विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडमध्ये ‘क्लीन’ करून, एमबीआर ही जुनी पार्टिशन पद्धत ठेवून, मग फॅट३२. डिस्कचा नंबर नीट बघा, नाहीतर लॅपटॉपचीच साफ कराल. फाइल कॉपी केली की सेफली रिमूव्ह, परत लावून विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने मूळ फाइलशी हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, जुळवा. फाइल कुठल्या फोल्डरमध्ये जाते ते कंपनीच्या कागदात बघा. क्योसेराच्या मशीनला रूटमध्ये, म्हणजे कुठल्याही फोल्डरबाहेर, लागते म्हणून सगळ्यांनाच तशी लागते असं नाही. नाव बदलू नका.

कोरडा_टोनर:
आणि लाइट गेली तर? लेखन अर्ध्यावर असताना पॉवर गेली की चार जीबी काय नि चौसष्ट काय, बोर्ड गेला.

सर्व्हिसबॅग:
फ्यूजर, म्हणजे टोनर कागदावर पक्का करणारा गरम भाग, तापायला लागला की मशीन हजार वॅटच्या वर खेचते, ऑफिसातला छोटा यूपीएस लगेच ओरडतो. म्हणून पावसाळ्यात ढग दिसले की मी अपडेट पुढे ढकलतो, गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी. पण चार जीबीचा माझा ड्राइव्ह मी बदलणार नाही. हॅश मात्र उद्यापासून जुळवतो.

नर्मदेहर:
जुळवा. न जुळला की सिल्व्हर मॉलला या, नवा मी घेऊन देतो.