गडकोटांच्या फोटोंना ठरलेलेच शब्द हवेत का?

रानवाटा
जुलै २०२५मध्ये शिवछत्रपतींचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांचे फोटो नीट लावून ठेवायचे तर फोटोंवर लिहायचे शब्द ठरवूनच घ्यावे लागतील, असं माझं ठाम मत आहे. पाण्याचं एकच टाकं कुणी ‘टाके’ लिहितो, कुणी ‘हौद’, कुणी ‘कुंड’. शोधणाऱ्याला त्यातला एकच शब्द सुचतो, बाकीचे फोटो असून नसल्यासारखे. गडांच्या नावांचंही तेच. तोरणा म्हणजेच प्रचंडगड, विजयदुर्ग म्हणजेच इंग्रजी कागदांतला घेरिया. उलट ‘रायगड’ शोधलं की अलिबागचा समुद्रकिनाराही समोर येतो, कारण १९८१पासून कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड आहे. जुन्या फोटोवर नुसतं ‘कुलाबा’ असेल तर? अलिबागचा जलदुर्ग समजायचा की मुंबईतला कुलाबा? प्रत्येक गोष्टीला एकच शब्द ठरवू आणि या शब्दांच्या यादीबाहेरचं काही घ्यायचंच नाही.

माचीवरचा
साफ असहमत. राजगडाची संजीवनी माची बघा. तिथे तटाला आतून दुसरा तट आहे, मधे चिंचोळी वाट. बाहेरचा बुरूज पडला तरी आतला लढवता येतो. हा चिलखती बुरूज. तुमच्या यादीत ‘बुरूज’ एवढंच असलं की हा फोटो कुठल्याही गढीच्या बुरजांत जाऊन पडणार आणि बांधणाऱ्याचं सगळं डोकं पुसलं जाणार. जंघी (तटातली मारा करायची भोकं), फांजी (तटावरची चालायची वाट), चर्या (तटावरचे दाते), देवडी (दरवाजाआतली पहारेकऱ्यांची जागा), नेढं (कातळातलं आरपार भोक) हे शब्द गडावर वावरणाऱ्यांनी जिवंत ठेवलेत. यादीत नाही म्हणून ते नाकारायचे? मला हे सहन होणार नाही.

दप्तरखाना
रानवाटा, ‘एकच शब्द, बाकी बाद’ हा नियम सोडा. अमेरिकेतल्या गेटी संस्थेच्या कला-वास्तुकला शब्दकोशात प्रत्येक संकल्पनेला क्रमांक आहे. पर्यायी नावं त्या क्रमांकाखाली असतात, त्यातलं एक मुख्य. शिवाय उतरंड असते. आपल्याकडे तटबंदीखाली बुरूज, बुरुजाखाली चिलखती बुरूज अशी लावता येईल. मग ‘बुरूज’ शोधणाऱ्याला संजीवनीचा फोटो मिळतोच, आणि नेमका चिलखती हवा असणाऱ्यालाही. रायगड किल्ल्याचा क्रमांक वेगळा, जिल्ह्याचा वेगळा. विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोसंग्रहातही फोटो विकिडेटा या माहितीसाठ्यातल्या अशा क्रमांकांना जोडता येतात.

शिळाशोध
शब्द ठरले तरी ओळख चुकली तर काय उपयोग? गावाबाहेर कोरीव दगड दिसला की लोक ‘वीरगळ’, म्हणजे वीराच्या स्मरणाचा दगड, लिहून मोकळे होतात. वीरगळावर सहसा खाली लढाई, वर अप्सरा वीराला नेताना आणि त्याच्यावर शिवलिंगाची पूजा असते. कोपरात वाकलेला, बांगड्यांचा हात असेल तर ती सतीशिळा. गाढव आणि स्त्री कोरलेली असेल तर गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी. यांतला गोंधळ साधा नाही, गधेगाळावरून दानाचा काळ आणि राजवट कळू शकते. म्हणून मी ठरलेल्या शब्दांच्या बाजूने आहे, पण प्रत्येक शब्दासोबत दोन ओळींचं वर्णन आणि नमुन्याचा फोटो हवाच. आणि फोटो कधी, कुठल्या दिशेने काढला तेही लिहा. तट ढासळल्यावर तीच नोंद कामाला येते.

माचीवरचा
क्रमांकांची पद्धत मान्य. पण काही वीरगळ गावात शेंदूर लावून देव म्हणून पुजले जातात. गावकऱ्यांचं नाव तुमच्या उतरंडीत कुठे बसणार? त्यासाठी वेगळा रकाना ठेवा, आणि तो कुणीही ‘दुरुस्त’ करायचा नाही.

रानवाटा
रकान्याला हरकत नाही. मुख्य शब्द मात्र एकच, यावर मी ठाम आहे. वाद झाला तर कुणीतरी निर्णय द्यावाच लागेल, नाहीतर पुन्हा टाके, हौद, कुंड.

माचीवरचा
तो निर्णय देणाऱ्यांत त्या-त्या गडाच्या घेऱ्यातला, म्हणजे पायथ्याच्या गावांतला, एक तरी माणूस असेल, तरच मी माझे फोटो देईन.