‘अ बकेट ऑफ ब्लड’ला कचरा म्हणणाऱ्यांसाठी

पडदाफाश (धागाकर्ता)
काल एका सिनेमाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘दिग्दर्शक रॉजर कॉर्मनचा हा सिनेमा म्हणजे पाच दिवसांत उरकलेला कचरा, कलाकारांची बदनामी आणि खुनाची थट्टा.’ खाली लाईकांची रांग. दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून इथे लिहितोय.

पाच दिवसांत उरकला हे खरं. साल १९५९, बजेट जेमतेम ५० हजार डॉलर. पण म्हणून कचरा? सिनेमाचा नायक वॉल्टर हा कॅफेत टेबलं पुसणारा पोऱ्या. भोवती बीटनिक, म्हणजे रूढी झुगारणारे त्या काळचे कवी, चित्रकार. याला कुणी हिंग लावून विचारत नाही. घरमालकिणीची मांजर भिंतीत अडकते, तिला सोडवायला हा भिंतीत सुरी खुपसतो आणि मांजरच मरते. तो तिला सुरीसकट मातीनं लिंपून कॅफेत नेतो, तर सगळे वाहवा करतात! पुढे माणसं मरतात ती या वाहवेपायी. स्टेजवरून मॅक्सवेल ब्रॉक हा कवी सांगतो की कलेपुढे बाकी सगळं क्षुल्लक. बाकीचे ऐकून कॉफी पितात, वॉल्टर एकटा ते खरं मानतो. मला भीती वाटते ती तिथे. टर उडवलीय ती कलेतलं कळल्याचा आव आणणाऱ्यांची.

मातीकाम
मी शिल्पकला शिकवतो. माती वाळताना आकसते. आत टणक काही असलं की वरच्या थराला तडा जाणारच. आणि वास? दुसऱ्या दिवशी कॅफे ओस पडला असता. अशा सिनेमांमुळेच लोकांना वाटतं की शिल्प म्हणजे नुसती माती थापणं. आमच्या गावच्या पुतळा समितीनं माझ्या क्ले मॉडेलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ‘चेहरा जरा तेजस्वी करा’ एवढंच म्हणाले आणि काम दुसऱ्याला दिलं. त्यानं फोटोवरून महिन्याभरात पुतळा उभा केला. मान कुठे, खांदा कुठे!

पडदाफाश
सर, सिनेमा पूर्ण पाहिलाय का? शेवटी वॉल्टरचं बिंग फुटतं ते याच कारणानं. प्रदर्शनात कार्लाला, म्हणजे वॉल्टरला आवडणाऱ्या मुलीला, पुतळ्याच्या बोटावरची माती गेलेली दिसते आणि खाली खरं बोट!

डेक्कनकर
तुम्हाला खुनी कलाकारात गंमत वाटते, पुण्यात वाढलेल्याला वाटत नाही. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, दहा खून, आणि करणारे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. माझी आत्या भांडारकर रस्त्याजवळ राहायची. अभ्यंकरांच्या घरात कामाच्या बाईंसकट पाच जण गेले, त्यानंतर तिच्याकडे दिवेलागणीच्या आत दार बंद. बेल वाजली की आधी खिडकीतून नाव विचारायचं, रोजच्या दूधवाल्यालासुद्धा. वाड्यातली पोरं एकटी जिन्यात जात नसत. असल्या विषयावर विनोद करणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही.

अभिनवची_माजी
झालं! पुन्हा आमचं कॉलेज. त्या चौघांनी लुटीसाठी माणसं मारली, त्यात कलेचा काय संबंध? नायलॉनच्या दोरीनं गळा आवळायला ड्रॉइंग यावं लागत नाही. त्यांचा पहिला बळी आमच्याच कॉलेजातला, त्यांचा वर्गमित्र होता, हे कुणीच सांगत नाही. मी बऱ्याच वर्षांनी तिथे शिकले, तरी लग्नाच्या बोलणीत कॉलेजचं नाव ऐकून मुलाच्या मामांनी पहिला प्रश्न तोच विचारला. माझं पोर्टफोलिओचं फोल्डर समोर होतं, कुणी उघडलंसुद्धा नाही.

डेक्कनकर
ताई, दहा माणसं गेली आणि तुम्हाला कॉलेजच्या नावाची पडलीय?

अभिनवची_माजी
हो, पडलीय! त्यांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. आमची शिक्षा अजून चालूच आहे का? इंजिनिअरनं खून केला तर कुणी इंजिनिअरिंगला नावं ठेवत नाही.

चावडी
भांडण थांबवा, मुद्द्यावर या. याच प्रकरणावर १९८६ मध्ये ‘माफीचा साक्षीदार’ आला, नाना पाटेकर होता. तो बघताना आमच्या घरात कुणी हसलं नव्हतं. ‘बकेट’मध्ये डोक्यात तवा बसून मेलेल्या पोलिसासाठी, किंवा मॉडेल म्हणून बोलावून मारलेल्या मुलीसाठी कुणी रडताना दिसतं का? माणसं मरतात आणि पुढच्या प्रसंगात त्यांचे पुतळे होतात. माझा आक्षेप एवढाच.

पडदाफाश
हा आक्षेप खरा आहे, मनाविरुद्ध का होईना मान्य. मेलेल्यांना या सिनेमात घरदार नाही. पण कॅफेतल्या त्या मंडळींनाही त्यांचं काही वाटत नाही, त्यांना फक्त पुतळा दिसतो. शेवटी वॉल्टर स्वतःला मातीनं माखून गळफास घेतो, तेव्हा ब्रॉकला त्यातही त्याची सर्वात मोठी कलाकृती दिसते. डेक्कनकर, तुमच्या आत्याची भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण त्या भीतीवरून १९५९ च्या अमेरिकेतल्या सिनेमाचा निकाल लावू नका.

डेक्कनकर
निकाल नाही लावत. पण बघणार नाही, ते नक्की.

मातीकाम
बोटाचा प्रसंग पाहिला. ठीक, तेवढं जमलंय. पण गळफासाच्या दृश्यात तोंडावर माती कुठे आहे? नुसता राखाडी मेकअप फासलाय! ओली माती पापण्यांत साचते, ओठांच्या कडांना फुटते. हे कोण खपवून घेणार?

पडदाफाश
वॉल्टर झालेल्या डिक मिलरचीही हीच तक्रार होती. पैसे थोडे जास्त असते तर शेवट असा उरकावा लागला नसता, असं त्याचं म्हणणं.