उन्हाळ्याच्या सुटीत सॉफ्टबॉलच्या बॅटिंगचा सराव घरी कसा करून घ्यावा?

मानेवाड्याचा पालक

माझी मुलगी १३ वर्षांची असून शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळते. शालेय स्पर्धांचा मोसम संपल्यापासून मैदानावरचा नियमित सराव बंद आहे. सध्या नागपुरात सकाळी आठनंतर उन्हात उभे राहवत नाही आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की काळ्या मातीच्या मैदानात पाय रुततात, त्यामुळे पुढचे तीन महिने जे काही करायचे ते आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्येच करावे लागेल. तिची अडचण अशी की ती लहानपणापासून गल्लीत क्रिकेट खेळलेली असल्याने बॅट वरून खाली आणते आणि दहापैकी सात-आठ चेंडू पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या) पायाशी घरंगळत जातात. बॅट मोठ्या चुलत बहिणीची आहे, ३३ इंची, वजन सुमारे ७०० ग्रॅम. एका परिचितांनी चेंडू फेकणारे मशीन घेण्याचा सल्ला दिला आहे, परंतु माझी तयारी पाच हजार रुपयांपर्यंतच आहे. कशापासून सुरुवात करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी शॉर्टस्टॉप, रेशीमबाग

दादा, मशीनचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आधी बॅट तपासा. मुलीला बॅट एका हातात, मुठीच्या टोकाशी धरून, खांद्याच्या रेषेत आडवी समोर धरायला सांगा. वीस सेकंदांच्या आत हात थरथरू लागला किंवा बॅटचे टोक खाली झुकले, तर ती बॅट तिच्यासाठी जड आहे, असे मी माझ्याकडे सराव करणाऱ्या मुलींच्या बाबतीत धरते. जड बॅट हातात असली की मूल आधी मनगटे सोडते, मग खांदा पाडते आणि शेवटी चेंडू येईपर्यंत त्याला उशीर झालेला असतो; आपण मात्र तिच्या क्रिकेटला दोष देत बसतो. या वयाच्या बहुतेक मुलींना २९ किंवा ३० इंची हलकी बॅट पुरते.

क्रिकेटची सवय खरीच असते, पण ती नेमकी कुठे आडवी येते ते पाहायला हवे. क्रिकेटमध्ये चेंडू टप्पा घेऊन येतो, म्हणून डोके पुढे नेऊन त्यावर झुकायला शिकवतात आणि सगळा भार पुढच्या पायावर जातो. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू हवेतूनच येतो. येथे डोके दोन्ही पायांच्या मध्ये स्थिर राहिले पाहिजे, कंबर आधी वळली पाहिजे, मागच्या पायाची टाच उचलली जाऊन गुडघा पिचरकडे आला पाहिजे आणि हात त्यामागून यावेत. माझ्याकडच्या एका मुलीची टाच आठवडाभर जमिनीला चिकटून होती. तिच्या टाचेखाली मी रिकामा कागदी कप ठेवला आणि फटका मारताना टाच त्यावरून उठून वळली पाहिजे, एवढेच सांगितले. चौथ्या दिवशी तिच्या फटक्याचा आवाज बदलला.

सरावासाठी बॅटिंग टी, म्हणजे वर चेंडू ठेवून मारायचा उभा दांडा, पुरेशी आहे. पार्किंगच्या फरशीवर खडूने होम प्लेट (जिच्या बाजूला उभे राहून बॅटिंग करतात ती पाटी) काढा. मधला चेंडू पुढच्या पायाच्या रेषेत, अंगाजवळचा त्याहून वीतभर पुढे आणि बाहेरचा थोडा मागे, अशा तीन जागी टी ठेवून प्रत्येक जागी आठ-दहा फटके मारू द्या. समोरच्या नेटवर टीच्या उंचीला लाल फीत बांधा. चेंडू फितीखाली गेला तर बॅट अजून वरूनच येते आहे, हे तिचे तिलाच कळेल, तुम्हाला बोलावे लागणार नाही.

हुडकेश्वरचा बाबा

साहित्याबाबत माझा अनुभव सांगतो. टी मी घरीच केली. जुन्या घमेल्यात काँक्रीट भरून त्यात पीव्हीसी पाइप उभा केला, त्यात सहज सरकेल असा दुसरा बारीक पाइप घातला, उंचीसाठी भोके पाडून खिळा अडकवला आणि वरच्या टोकाला ट्रकच्या रेडिएटरच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा बसवला. बॅट रबरावर लागली तरी बॅटलाही इजा होत नाही आणि मनगटालाही झटका बसत नाही.

नेट मात्र मी पहिल्यांदा चुकीचे लावले होते. ते भिंतीला लागून, ताणून बांधल्यामुळे चेंडू तितक्याच जोराने परत आला आणि मुलाच्या नडगीवर बसला. नायलॉनचे नेट भिंतीपासून चार फूट पुढे, ढिले सोडावे आणि त्यामागे जुनी गोधडी टांगावी. शेजाऱ्यांच्या गाड्या जवळ असतील तर खरा चेंडू वापरूच नये. भोकांचे प्लॅस्टिकचे चेंडू चालतात.

उजवीकडून पिच, डावीकडून बॅट

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरी माझा एक मतभेद आहे. तीन महिने केवळ टीवर मारत राहिलेली मुलगी थांबलेला चेंडू उत्तम मारते आणि येणाऱ्या चेंडूपुढे गोंधळते. महिलांच्या सामन्यात पिचिंगचे अंतर १३.११ मीटर असते. ताशी ९० किलोमीटरने आलेला चेंडू ते अर्ध्या सेकंदाच्या आसपास पार करतो. तेवढ्यात मारायचे की सोडायचे हेही ठरवायचे असते, आणि ते टीवर शिकता येत नाही. बॅडमिंटनच्या हॉलमधून टाकून दिलेली शटल मागून आणा, समोरून पाच मीटरवरून खालच्या हाताने टाका आणि मधूनमधून मुद्दाम बाहेरची टाका. शटल लागले तरी इजा होत नाही, काच फुटत नाही आणि डोळा तयार होतो.

शिवाय २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकचा अंतिम सामना, ज्यात जपानने अमेरिकेला २-० असे हरवले, तिच्यासोबत पाहा. बॅट चेंडूला लागते त्या क्षणी चित्र थांबवून मागची टाच कुठे आहे ते तिलाच शोधू द्या.

जुनी शॉर्टस्टॉप, रेशीमबाग

शटलचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त क्रम सोडू नये. पहिले तीन आठवडे टी, नंतर निम्मे-निम्मे. कारण येणाऱ्या चेंडूपुढे मूल घाईघाईत जुन्याच सवयीकडे वळते. एका वेळी साठ-सत्तर फटके पुरेत, तेही दहा-दहाच्या टप्प्यांत, मध्ये पाणी पिऊन. सकाळी साडेपाच ते सात ही वेळ ठेवा. तळहाताला फोड आला किंवा मनगट दुखले तर त्या दिवशी बॅट हातात देऊ नका.

मानेवाड्याचा पालक

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी बॅट धरायला लावली, नवव्या सेकंदाला टोक खाली आले. शाळेतून २९ इंची बॅट सुटीपुरती मिळणार आहे. बाबासाहेब, टीच्या रबरी पाइपचे तोंड किती रुंद घ्यावे?

हुडकेश्वरचा बाबा

साधारण चार ते पाच सेंटिमीटर. पण मापावर विसंबू नका, दुकानात चेंडू सोबत घेऊन जा आणि पाइपच्या तोंडावर ठेवून पाहा. चेंडू आत रुतत नसेल आणि हलक्या वाऱ्याने पडत नसेल, तो तुकडा कापून घ्या.