उकडे तांदूळ, मॅक्युला आणि बोस्टनचे उंदीर

डिचोलीकर:
आईला (वय ७१) रेटिनाच्या डॉक्टरांनी ड्राय एएमडी सांगितलंय (उतारवयात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, खराब होण्याचा आजार, त्यातला कोरडा प्रकार), मधल्या टप्प्यातला. गोळ्या दिल्यात. आता भावाने बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या शेल्डन रोवन यांच्या संशोधनाबद्दल कुठेतरी वाचलं आणि घरात भात बंदचं फर्मान सोडलंय, आई म्हणते हुमण (माशांची आमटी) काय पावाबरोबर खाऊ? खरंच भाताचा डोळ्यांशी संबंध आहे का?

तांबडी_भाजी:
रोवन आणि अ‍ॅलन टेलर यांचा २०१७ चा पेपर असणार. त्यात वय झालेल्या उंदरांना स्टार्चच दिला होता, फक्त एका गटाला झटकन साखर वाढवणारा आणि दुसऱ्याला सावकाश पचणारा. पहिल्यांच्या रेटिनात एएमडीसारखी खराबी दिसली, आणि ज्यांचा आहार उतारवयात बदलला त्यांची खराबी थांबली! आतड्यातल्या जंतूंचाही त्यात हात दिसला. म्हणजे प्रश्न भाताचा नाहीच, कसला भात याचा आहे. सुरय (न उकडलेले) तांदूळ सोडून उकडे घ्या, ते साधारणपणे हळू पचतात, सोबत भरपूर पालेभाजी. मैद्याचा पाव खाऊन काय साधणार?

बांगडा_फ्राय:
उकडे घ्याच, पण उंदराला मॅक्युला नसतोच हो, तेवढ्यावर आईचं जेवण बेचव करू नका. माणसांवरची मोठी चाचणी म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटची एरेड्स, २००१. क आणि ई जीवनसत्त्व, झिंक वगैरेंच्या गोळ्यांनी मधल्या टप्प्यातल्या लोकांचा आजार ५ वर्षांत शेवटच्या टप्प्यात जायचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. गेलेली नजर परत येत नाही, हे मात्र आईला आधीच सांगा. २०१३ च्या एरेड्स-२ नंतर बीटा कॅरोटिन काढून ल्युटिन १० मिग्रॅ आणि झिअ‍ॅझँथिन २ मिग्रॅ घातलं, कारण बीटा कॅरोटिन घेणाऱ्या, पूर्वी सिगरेट ओढलेल्यांत फुप्फुसाचा कॅन्सर जास्त दिसला. बाटलीचं लेबल वाचा. ओमेगा-३ च्या कॅप्सूलचा त्यात काही फायदा दिसला नाही, ते पैसे बाजारात बांगड्यांवर घाला.

म्हापशाची_माई:
आमच्या सासूबाईंना खिडकीच्या ग्रीलचे गज मधेच वाकडे दिसायचे, पण दोन्ही डोळे उघडे असले की दुसरा डोळा सांभाळून घ्यायचा म्हणून कित्येक दिवस कुणाला पत्ताच नाही. चौकटींचा कागद मिळतो, अ‍ॅम्सलर ग्रिड, तो फ्रीजवर लावा आणि रोज एकेक डोळा झाकून, जवळचा चष्मा लावून बघायला सांगा. रेघ वाकली की पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, ओला एएमडी (पडद्याखालच्या रक्तवाहिन्या गळणारा प्रकार) निघाला तर इंजेक्शन लवकर लागतं.

डिचोलीकर:
बाटली बघितली, ल्युटिन आहे, बीटा कॅरोटिन नाही. भावाला स्क्रीनशॉट गेलाय. आई विचारते, चवथीला पातोळ्या चालतील ना?

तांबडी_भाजी:
चालतील की, आम्हालाही बोलवा :)