अनुभव धागा: शाळा आणि आपल्या घरची माणसं

रानजाई
परवा पहिलीची नवी पोरं सजवलेल्या बैलगाडीतून शाळेत नेताना पाहिली. पुढे लेझीम, गाडीत बावरलेली तोंडं, मागून आया. आया मात्र फाटकापाशीच थांबल्या. आमची सातारच्या माण तालुक्यातली दोनशिक्षकी शाळा आठवली एकदम.

माझी आई कधीच फाटकाच्या आत यायची नाही. "तिथं माझं काय काम?" चौथीत असताना नव्या बाईंनी संक्रांतीचं हळदीकुंकू शाळेत ठेवलं. वाण लुटून झालं तसं सगळ्या आयांना आमच्या बसायच्या पट्ट्यांवर बसवलं आणि आम्हाला एकेकाला उभं करून वाचायला लावलं. गुण नाहीत, तक्रार नाही. घरी येऊन आई एवढंच म्हणाली, "पट्टी फाटलीय की तुमची." मग जुन्या लुगड्यांची लांबच लांब गोधडी शिवून स्वतः शाळेत पोचती केली. त्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यातली कळशी बाजूला काढून शाळेतली कडुनिंबाची रोपं तिनं आणि शेजारच्या काकूंनी जगवली. सुट्टी होती, कुणी सांगितलंही नव्हतं.

तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. लहान असलं तरी चालेल.

मेथीची जुडी
बालबाजार!! आमच्याच वावरातली मेथी मी शाळेत विकायला बसले आणि आमच्याच आजोबांनी दोन जुड्या घेतल्या, तेही घासाघीस करून 😄 सुट्टे पैसे देताना मी चुकते का ते गुरुजी लांबून बघत होते. अख्खा गाव आला होता त्या दिवशी.

पाटीपेन्सिल
मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. आमचं वर्ष वेगळं. दिवाळीच्या आगेमागे गाव रिकामं होतं, माणसं ऊसतोडीला जातात, साखर कारखान्यांचे पट्टे पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत येत नाहीत. हंगामी वसतिगृहाची सोय असली की पोरं आजी-आजोबांपाशी गावात राहतात. नसली की कोयत्यासोबत, म्हणजे ऊस तोडणाऱ्या आईबापासोबत, फडात. पालकसभा कुणाची घ्यायची मग?

आम्ही फोनवर घेतो. संध्याकाळी आईबाप कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, आले की पोरगं त्यांना धडा वाचून दाखवतं. पलीकडून शेजारच्या कोप्यांतली माणसंपण ऐकतात. एक आई म्हणाली, सर, अजून एक पान वाचू द्या.

आणि शाळा व्यवस्थापन समितीबद्दल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं समितीत 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या बाया हव्यात. कागदावर होतं. पण बैठक सकाळी अकराला लावली तर रोजंदारीवरचा माणूस मजुरी बुडवून येणार कसा? आम्ही रात्री जेवणं झाल्यावर मारुतीच्या देवळात बसायला लागलो. पहिल्यांदा बाया बोलल्या. पहिला विषय काय निघाला? मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. इतके दिवस आम्हा मास्तरांना दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका वडिलांनी स्वतः येऊन बसवली.

तिन्हीसांज
कडीचं वाचून थांबले दोन मिनिटं. सर, तुम्हाला नमस्कार.
आमच्या लेकीची शाळा शहरातली खाजगी. पालकांनी फाटकाबाहेरच उभं राहायचं. ग्रुपवर फी आणि गणवेशाचे निरोप, उत्तर द्यायची सोयच बंद. तिचा वर्ग आतून कसा आहे ते मला माहीत नाही. वाईट वाटतं खूप.

कौलारू
कोकण. शाळेचा पट सात. पण गणपतीत मुंबईकर आले की आरती झाल्यावर बाप्ये शाळेच्या कौलांवर. नळे बदलायचे, वासे बघायचे. ज्यांची मुलं मुंबईत शिकतात तेसुद्धा वर्गणी देतात, कारण स्वतः तिथेच मुळाक्षरं गिरवली. शाळा बंद करायची बोलणी आली की पहिला फोन मुंबईच्या मंडळालाच जातो.

मेथीची जुडी
@कौलारू या वर्षी मोदक किती हाणले ते सांगा आधी

कौलारू
मोजत नाही आम्ही. ऋषीपंचमीची भाजी विचारा, त्यावर रात्रभर लिहीन.

दूरदेशी
इथे न्यू जर्सीत आमची रविवारची मराठी शाळा. शिपाई, बाई, मुख्याध्यापक सगळे पालकच. मी बाराखडी शिकवते, नवरा खुर्च्या लावतो. रानजाई, तुमच्या आईची गोधडी फार आवडली. पुढच्या रविवारी आजी-आजोबांना मुलांशेजारी बसवून बघते.

रानजाई
@दूरदेशी नक्की करा. वाचायला मुलांनाच लावा.
खिचडीवर कुणीच लिहिलं नाही? आमच्याकडे शिजवणाऱ्या मावशींचा मुलगा माझ्याच वर्गात. कोण जेवलं नाही, कुणाला ताप आहे, हे बाईंच्या आधी मावशींना कळायचं. संध्याकाळी त्याच्या घरी निरोप पोचलेला असायचा. मानधन तुटपुंजं, तेही उशिरा. त्यांना पालकसभेत खुर्ची मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पाटीपेन्सिल
@रानजाई शंभर टक्के.
@तिन्हीसांज ताई, खाजगी शाळेतही पालक-शिक्षक संघ असावाच लागतो. 2011 च्या शुल्क कायद्यात आहे. कार्यकारी समितीवर यायची इच्छा असलेल्या पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवड होते. सभा कधी आहे ते लेखी विचारा आणि नाव द्या.

तिन्हीसांज
हे माहीतच नव्हतं हो सर. उद्या सोडायला जाते तेव्हा अर्ज घेऊनच जाते. आणखी दोघींना विचारते, येतील त्या.

मेथीची जुडी
नाव निघालं तर इथे कळवा. भोंडल्याचं आणि खिरापतीचं रात्री लिहिते, कुकर लावलाय.